परखी

सांगलीच्या यार्डात हळदीची पोती
सत्तावीस वर्षं याच खांद्यावरनं गेली.

विश्रामबागेतली फिजिओ पोर
अंगठ्यानं चाचपत गाठीवर थांबली.
“कोरडी सुई आहे, तायाप्पा काका,
औषध नाही हिच्यात.”
टोचली, तसा स्नायू उडाला,
माशी बसल्यावर
बैलाचं कातडं थरारावं तसा.

मिरजेच्या बाबर डॉक्टरांनी
खांद्याला हातच लावला नाही.
नाडी बघितली, झोप विचारली,
सुया दिल्या पायात, कानात.
म्हटलं, दुखतंय वर.
म्हणाले, वाट खालनं येते.

कशानं उतरलं, सांगता येत नाही.
गुरुवारी टोपी दोन्ही हातांनी घातली,
एवढं खरं.

फक्त प्रत्येक सुई निघताना
मान वळवून बघायचो:
दलाल पोत्यातनं परखी ओढतो
तेव्हा टोकाला पिवळं येतं,
तसं काही आलंय का.