गुलाबी कव्हर

स्लायगोच्या पोस्टात बारा वर्षं तिकिटं विकली डर्व्हलानं,
पहिली कादंबरी तिथल्याच फॉर्मांच्या पाठीवर.
आता अकरावी. कव्हर पुन्हा गुलाबी,
पुन्हा उंच टाचेचा एकच बूट.
दुसरा कुठे गेला, तिनं एकदा विचारलं होतं.
प्रकाशक हसला. खप बघा, म्हणाला.

समीक्षक लिहितात: विमानात वाचावं, सीटवर विसरावं.
ते कात्रण तिनं फ्रीजवर चिकटवलंय,
बॉयलरवाल्याच्या नंबराशेजारी.

आज डब्लिनमध्ये सहीसाठी रांग.
ड्यूटीवरून आलेल्या दोन नर्स, एक वकीलबाई,
आणि सगळ्यांत शेवटी रेनकोटातली ती,
हातात तिसरी कादंबरी,
टबात पडून भाकरीसारखी फुगलेली.
"शेवट चुकलाय तुमचा,"
आवाज न चढवता म्हणाली.
"तुमची ईफा घरी परत जाते.
मी नाही गेले."

पेन हवेतच राहिलं.
मग डर्व्हलानं शेवटचं पान उघडलं,
चुकलेल्या पत्त्यावर मारायची पूर्वी, तशी
एक आडवी रेघ मारली छापील वाक्यावर,
बाजूला सही.

दुकानदार मागचे दिवे मालवत होता.
"मग," तिनं खुर्ची पुढे सरकवली,
"गेलात कुठे?"