तिसरा बावटा

मेघनेनं माझं घर सात वेळा नेलं.
आठवं मी पत्र्याचं बांधलं,
चौघांनी उचलून नेता येईल असं.
पण हे सांगायला मी आले नव्हते.
मी आले होते शिकवायला:
एक कर्णा, एक शिट्टी, तीन लाल बावटे,
आणि वादळाआधी सायकलवरून ओरडत फिरायची
आमच्या मनपुऱ्याची रीत.

चार विमानं, मग दोन रात्री बोट.
तुवालूचं ते बेट इतकं अरुंद
की एका काठावर कुणाला ठसका लागला
तर दुसऱ्या काठावरचा पाणी घेऊन येईल.

सभेच्या घराला भिंती नव्हत्या.
चटया, त्रेचाळीस माणसं, दोन कुत्री.
माझं बांगला वाक्य फरीद इंग्रजीत नेई,
तिथून लोटोमाऊ त्यांच्या भाषेत.
पोचेपर्यंत थोडं ओलं होई,
पण पोचे.

एक बावटा: कान उघडे ठेवा.
दोन: म्हातारी माणसं, जनावरं, कागदपत्रं.
तीन: धावा. उंच जागी धावा.

पोरांनी बावटे पळवले.
कर्ण्यातून कुणीतरी डुकराचा आवाज काढला,
सगळे हसले. मीही.

मग तेमुकिसा उठली.
तिच्या गुडघ्यांचं बोलणं दुभाष्याविना कळलं.
म्हणाली, पोरी, तिसरा बावटा लागला.
समज, मी धावले.
कुठे?

फरीदनं ते माझ्यापर्यंत आणलं तोवर
मी बाहेर पाहून घेतलं होतं.
सगळ्यात उंच माड,
मग चर्चचं छप्पर,
मग आम्हीच, उभे राहिलो तर.

आमच्याकडे निवारा आहे, जाड खांबांवरचा.
कुठल्याशा दूरच्या देशानं पैसे दिले होते,
पाटीवर त्याचं नाव आहे, अर्धं पावसानं पुसलेलं.
आठशे माणसं आणि बकऱ्यांच्या गर्दीत
माझी धाकटी तिथं जन्मली.
त्या देशातलं कुणी मला कधी भेटलं नाही.
मुलीचं नाव ठेवताना
ती पाटी मी पुन्हा वाचायचा प्रयत्न केला होता.

यातलं काहीच मी तेमुकिसाला सांगितलं नाही.
काय म्हणून सांगायचं?

दुपारी तिनं मला तिचा पुलाकाचा खड्डा दाखवला.
आपल्या अळूचाच कुणी थोरला भाऊ,
पानं कडेनं पिवळी, खाली वाकलेली.
तळाच्या पाण्यात तिनं बोट बुडवलं,
मलाही बुडवायला लावलं.
जिभेवर ठेवताच ओळख पटली:
आमचा हातपंप, वादळानंतरची तीन वर्षं.
दोघी एकदमच थुंकलो.
फरीद आणि लोटोमाऊ लांब सावलीत बसले होते.
त्यांना त्या वेळी काही काम नव्हतं.

परतल्यावर अहवाल भरला.
प्रशिक्षित व्यक्ती: त्रेचाळीस. कुत्री धरली नाहीत.
उद्दिष्ट साध्य झाले का: हो, नाही.
दोन चौकटींच्या मधे खूण करायला जागा नव्हती.
अडचणी: उंच जागा नाही.
लागणारे साहित्य: उंच जागा, एक.

महिन्यानं कचेरीचं पत्र आलं, फार सभ्य.
ही बाब कोणत्या सदरात धरावी,
बांधकाम की वाहतूक, कृपया कळवावे.
मी आधी बांधकाम लिहिलं,
मग खोडून वाहतूक.
मग तेही खोडलं.
कागद अजून डब्याखाली आहे.

लोटोमाऊचा फोन येतो अधूनमधून.
आमच्याकडची भरती विचारतो, त्यांच्याकडची सांगतो.
मागच्या खेपेला म्हणाला,
तेमुकिसा रोज संध्याकाळी एक बावटा लावते,
वादळ असो, नसो.
कान उघडे ठेवा, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी ठेवायचे,
ते मी शिकवलं नव्हतं.