शुक्रवारी, तांबट आळीत

हातोडे सातला थांबतात.
मग शैलाताई मंडळाच्या खोलीत सतरंजी टाकतात,
मधे चहाची किटली. फळा नाही, भाषण नाही.

पहिले दोन शुक्रवार आम्ही
गंगेला पाणी किती, यावरच बोललो.

तिसऱ्या वेळी हेरंबकाका म्हणाले,
"झोप येत नाही. चौदा महिने."
आणि घंगाळाचा काठ चाचपावा तसा
स्वतःचा गुडघा चाचपत राहिले.

कोणी "देवाचं नाव घ्या" म्हणालं नाही.
म्हणजे, वाल्मीक म्हणणार होता;
शैलाताईंनी त्याला चहा दिला.

पोचा आलेलं भांडं
आम्ही भर रस्त्यात मांडून ठोकतो.
ह्या पोच्यांना मात्र दार लावून घेत होतो.

आज काका डॉक्टरांकडे निघालेत.
मी स्कूटर काढली.
वाटेत माझंही सांगेन म्हणतो,
सिग्नल लागला तर.