पाळीवरची वाट

साकोलीहून आलो, एका ऑटोत सात जण.
कोठी बघायचे दहा रुपये, मोबाइलचे वेगळे.
फाटकापासून पायरीपर्यंत पळसाची फुलं,
कुणी झाडली नव्हती, बरं केलं.

गाइड पोरगा नवा. सनद, बंदूक, झुंबर,
मालगुजाराच्या मिशीसकट सगळं पाठ.
भागरता आत्या उंबऱ्याशीच थांबली.
"इथून मी कधी आलीच नाही बापा.
आमची वाट मागून, तलावाच्या पाळीवरून."

कचेरीत अजून टांगलेला मोहाचा तराजू.
पोरांनी पारड्यात चपला ठेवल्या,
मग पाण्याची बाटली, मग धाकट्या निकेशला.
आत्यानं ओटी सोडली.
येताना वेचलेली मोहफुलं, सवयीनं,
ओंजळभर, एका पारड्यात.

काटा हलला नाही.
"तवाबी असाच होता," ती म्हणाली.
गाइड हसला, मग कशाला हसलो म्हणून
झुंबराकडे बघत राहिला.

तलावाकाठी पातोडी, भात, चारं.
पाणकोंबड्या. ऊन तापलं तसे सगळे पेंगले,
आत्या तेवढी पाळीवरून
एकटीच एक चक्कर मारून आली.

ऑटो सुटल्यावर आठवलं,
फुलं पारड्यातच राहिली.
"राहू दे," ती म्हणाली,
"असंल काही बाकी."
ओटीला वास होता,
लाखनीपर्यंत पुरला.