दुसरा नंबर

किट्वेत, चिसोकोने बाजाराच्या मागच्या अंगाला
माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.
शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढलं
की तिघं वाकून आत येतात
आणि एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल सुरू होतं.

बायको म्हणते, शिळ्या कढीला किती ऊत आणाल?
तिला काय सांगू,
ही कढी चुलीवरून उतरलेलीच नाही अजून.

डेव्हिसन स्मेल्टरवर क्रेन चालवायचा.
त्याच्या मते थोर अल्बम एकच, 'डस्ट अँड डायनॅमो'.
कारण? गिटार ऐकताना कानात तांबं वितळतं.
लाझारस गणिताचे मास्तर. त्यांची चौकटीची वही आहे:
गाण्यागणिक गुण, ड्रमला वेगळे,
कव्हरच्या भडक रंगासाठी अर्धा कापलेला.
दरवर्षी बेरीज तीच येते,
दरवर्षी ते ती पुन्हा करून दाखवतात.
त्यांचा पहिला नंबर तोच माझा:
सेव्हन्थ शिफ्टचा 'अंडरग्राउंड संडे'.
तीनशे प्रती निघाल्या होत्या.
आम्हाला ठाऊक असलेली उरली एक. माझी.

कापेम्ब्वा मान हलवतो.
"बेस फार पुढं आहे. बाकी ठीक. दुसरा नंबर."
बेस वाजवणारा अल्बन,
त्याचा धाकटा भाऊ.
हे कुणी बोलत नाही.

माझ्या प्रतीवर, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात
एक चरा आहे.
सुई तिथं अडखळते, दीड ओळ गिळते, पुढं जाते.
आम्ही ती उडीच पाठ केली,
उडीवर पाय आपटायला शिकलो.
माझ्या मुली लहानपणी ते गाणं म्हणायच्या
चऱ्यासकट.

मार्चमध्ये ल्युबेकहून एक पोरगा आला,
हातमोजे घालून रेकॉर्डी हाताळणारा.
माझी प्रत मागितली. मी दिली नाही.
मग न्डोलात, इंजिनिअरच्या विधवेकडं,
कोंबड्यांच्या खुराड्यावर
त्याला मूळ टेप सापडली.
ऑगस्टात पार्सल आलं: नवी कोरी एलपी,
इतकी स्वच्छ की डेव्हिसननं आधी टोपी काढली
आणि मग खोट.
"न्हाव्याकडून उठून आल्यासारखा वाटतो," म्हणाला.

तिसरं गाणं. ती जागा आली.
चौघांचे पाय एकदम आपटले.
गाणं मागंच राहिलं.
आम्ही दीड ओळ पुढं, कुठंच नसलेल्या जागी उभे,
आणि पाठीमागून
चाळीस वर्षं न ऐकलेली ती दीड ओळ चालत आली.
शब्द साधेच. पाणी तापलंय, लवकर ये, असलं काहीतरी.
पण बेस किंचित थांबतो ना, तिथं
कुणीतरी खोकलं.

एकदाच. कोरडं.
दोन्ही हात गुंतलेल्या माणसानं
तोंड खांद्याकडं वळवून खोकावं तसं.

त्र्याण्णव साली येऊन जो गेलाच नाही,
तो खोकला हा नव्हे.
हा बावीस वर्षांच्या पोराचा,
चुकून आलेला, पुसायचा राहून गेलेला.

मास्तरांची पेन्सिल वहीवर थांबली.
तसली चौकट त्यांनी आखली नव्हती.

"परत लाव," कापेम्ब्वा म्हणाला.
"गाणं नको. तेवढंच."

सुई उचलून त्याच खाचेत ठेवायला हात लागतो.
माझा आहे.
आवाजातली खरखर काढून टाकायची
यावर माझं पोट चालत आलं.
त्या दुपारी मी तीच शोधत राहिलो,
परत, आणि परत,
शटरखालून सुक्या कापेंटा मासळीचा वास येत राहिला,
बाहेर कुणी बॅटरीच्या सेलचा भाव करत होतं.

निघताना कापेम्ब्वा वाकला.
अर्धा आत, अर्धा बाहेर.
"फारच पुढं आहे बेस," म्हणाला. "दुसरा नंबर."

"मग पहिला कोणता?" डेव्हिसननं विचारलं.
इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलंच नव्हतं.

पण तोवर शटरखाली
नुसते त्याचे बूट दिसत होते,
आणि तेही चालू लागलेले.