चुंबळ

अमळनेर, एप्रिल. पारा पंचेचाळीसला टेकलेला
आणि प्रयोगशाळेतली भट्टी एकशे साठवर.
मधल्या एकशे पंधरा अंशांत मी उभी,
हातात चिमटा, चिमट्यात मांजरपाटाचा तुकडा.

पावडर पांढरी, पिठीसाखर म्हणून कुणीही फसेल.
स्टार्चच्या लांब साखळीतून विकराने कातरलेली,
ग्लुकोजच्या सात मण्यांची, टोकाला टोक जुळलेली कडी.
सायक्लोडेक्स्ट्रिन म्हटलं की दगूबाई हसते,
म्हणून तिला सांगितलं : चुंबळ.
बाहेरून पाण्याची लाडकी,
आतली पोकळी मात्र पाण्याशी फटकून.
तेल, वास, औषध, विष,
पाण्यात ज्याला करमत नाही ते तिथे येऊन बसतं.

"मंग कापडले चिटकाडी दे,"
परीक्षानळ्या विसळता विसळता ती म्हणाली.

तेवढंच तर जमत नव्हतं.
तीनदा भिजवलं, तीनदा वाळवलं,
तीनदा पहिल्याच धुण्यात सगळ्या चुंबळी
सिंकमधून बोरी नदीकडे निघून गेल्या.
पाण्याची लाडकी ती, पाणीच घेऊन जाणार.

मधे कुणीतरी हवं होतं. सायट्रिक आम्ल, लिंबातलंच.
एक हात कापसाच्या धाग्याला, एक कड्याला,
तिसरा बहुधा रिकामाच.
पण हात धरायचे तर तापावं लागतं
आणि दुपारी दोन ते चार लाइट नसते.

चौथ्यांदा लाइट टिकली.
तुकडा किंचित पिवळला. धुतला, वाळवला, तोलला.
शंभराला अकरा जास्त.
बुडीत धरलेली उसनवारी कुणी दारात आणून द्यावी
तशी मी काट्याकडे बघत राहिले.

मग फिनॉल्फ्थॅलीनचं गुलाबी पाणी,
त्यात तो तुकडा.
गुलाबी फिकं झालं, अजून फिकं, मग नुसतं पाणी.
दगूबाईच्या हातात ब्रश तसाच.
"रंग कोठे गया वं बाई?"
गेला नाही, म्हटलं. अंग मुडपून चुंबळीत बसलाय.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून सदरा काढला.
निंबाचा. नवऱ्याचा.
तो रोजाने फवारणीला जातो, पाठीवर सोळा लिटरचा पंप.
सात धुणी झाली, वास तिथेच.
"आंगले लागाना आगोदर हाई धरी ली का?"

माहीत नाही, म्हणाले.
माझ्याजवळ होतं ते पोस्टकार्डाएवढं कापड
आणि ते घालून तो स्वतःला सुरक्षित समजला तर?
रबरी कोट घालायला सांग, म्हटलं.
या उन्हात? ती नुसती बघत राहिली.
शेवटी कॉलरच्या आतून तिनेच टाके घातले.

बाराव्या दिवशी ठिगळ उसवून अल्कोहोलमध्ये ठेवलं.
आलेखावर एक उंचवटा उठला,
सातपुडा नव्हे, शेताच्या बांधाएवढा.
म्हणजे काहीतरी धरलं होतं.
किती निसटून मानेत गेलं, ते आलेखात नव्हतं.

मी वहीत आकडा लिहीत होते.
दगूबाईने बाटली उजेडात धरली.
आत पाण्यासारखंच दिसणारं.
"मंग आते हाई कोठे फेकानं?"

सिंकचं तोंड कुठे उघडतं ते दोघींना ठाऊक.

बाटलीवर पट्टी चिकटवली :
तारीख, निंबा, कॉलर आतून.
वरच्या फळीवर ठेवली.
दगूबाईने पुन्हा खाली काढली,
बूच अजून एकदा घट्ट पिळलं.