चार अंश

नव्या इमारतीवर माझा राग होता, हे आधी कबूल करतो.
आर्किटेक्ट बाई पुण्याहून आल्या,
खिडक्यांच्या जागी विटांची जाळी ठेवली,
पश्चिमेची भिंत हातभर जाड केली
आणि मला एवढंच विचारलं, फळा कुठून नीट दिसतो.
मी म्हटलं, पंखे किती?
त्या म्हणाल्या, बघू, लागले तर.

अक्कलकोट रस्त्याच्या या बाजूला
‘लागले तर’ असं कुणी म्हणत नाही.
इथं मार्चातच खडू हाताला गरम लागतो,
मागांची खटखट पाढ्यांना ताल धरते
आणि नळ येतो चौथ्या दिवशी, तोही रात्री अडीचला.

गच्चीवर फुटक्या पांढऱ्या फरश्या बसवल्या.
पोरांनीच आणल्या, दुकानांमागच्या ढिगाऱ्यातून,
दप्तरात भरून.
एका तुकड्यावर अर्धा मोर होता.
तो कुठं लावायचा यावर सातवी अ आणि सातवी ब भांडली.
शेवटी महिबूब मिस्त्रींनी तो मधोमध बसवला,
जिथून तो फक्त घारींना दिसतो.

व्हरांड्याखाली टाकी, टाकीत वेळूची काठी,
काठीला वितीवितीवर लाल सुताची गाठ. आठ गाठी.
तौफिकला तीन वर्षं अपूर्णांक येत नव्हते.
आता पालथा पडून आत बघतो, आवाज घुमतो,
“सर, पाच छेद आठ! परीक्षेपर्यंत पुरवायचंय!”

मग तापमापकं आली, तीन.
एक कडुनिंबाखाली,
एक जुन्या पत्र्याच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या सोबतीला,
एक वर्गात, थोर पुरुषांच्या फोटोंच्या रांगेत.
दुपारी अडीचची नोंद श्रीलता येमूलकडं.
गोल अक्षर, थुंकी लावलेली पेन्सिल:
लिंब एकोणचाळीस. पत्रा पंचेचाळीस. वर्ग तेहतीस.

पाहुणे आले, वहीचा फोटो काढला,
म्हणाले, ही इमारतच शिक्षक आहे.
मी कोपऱ्यात उभा होतो
अठ्ठावीस वर्षांची नोकरी घेऊन.

एका शनिवारी श्रीलता म्हणाली,
“सर, एक तापमापक घरी नेऊ का?”
सोमवारी वहीत चौथी ओळ होती, पट्टी न लावता ओढलेली:
घर सेहेचाळीस.
खाली बारीक अक्षरात: अम्मा विड्या वळते तिथं. पान वाळून तुटतं.

त्या दुपारी वर्गात तेहतीसच होते
आणि ते मला पहिल्यांदा टोचले.
धड्याखालचा प्रश्न फळ्यावर लिहिला,
पर्यावरण रक्षणाचे पाच उपाय सांगा, गुण पाच.
लिहिला आणि पुसला.
सामानाच्या खोलीत दीड बादली चुना उरला होता.

रविवारी संध्याकाळी, पत्रा निवल्यावर,
चार पोरं आणि दोन कुंचले वर चढले.
खाली तिचे वडील, भुवयांत कापूस अडकलेला,
म्हणाले, “चुन्यानं काय होतंय, मास्तर?”
दोन वर्षांपूर्वी मी हेच म्हणालो असतो,
नेमकं याच आवाजात.
पलीकडच्या पत्र्याखालून शिवलीलाबाईंनी विचारलं,
आमच्यापुरता उरंल का?
उरला नाही.

श्रीलता शाळेत असताना अडीचला बघणार कोण?
अम्माला आकडे येत नाहीत.
तिनं पारा जिथं थांबला तिथं
विडीचा दोरा बांधून ठेवला.
मंगळवारी तापमापक दोऱ्यासकट वर्गात आलं:
घर बेचाळीस.

“सर, चार अंश कमी झाले. मग ते गेले कुठं?”
मी बीएस्सी. किरण काढता आला असता,
बाण काढता आला असता, खडू हातातच होता.
मागून तौफिक म्हणाला, “घारींकडं.”

वर्ग हसला. मीही.
श्रीलता खाली मान घालून पाचवी ओळ आखत होती, या वेळी पट्टीनं.
शिवलीलाबाईंचं घर, असं लिहिलं तिनं,
आणि पुढं जागा मोकळी ठेवली.